दार उघडणारा हात

साल १८९१. इंग्लंडमधल्या जेरमाया डेविटला अँथनी बीचवर्थ या शाळेतल्या मित्राचं पत्र येतं. पत्रात मजकूर असा नाहीच, फक्त एक लॅटिन वाक्य: कुणाला कळता कामा नये. त्याचा संदर्भ डेविटला पुरेपूर ठाऊक आहे. तो तडक बीचवर्थच्या वाड्याकडे निघतो आणि पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या ‘द गेम किचन’ या छोट्या चमूनं २०१३ साली आणलेल्या ‘द लास्ट डोअर’ या गेमची ही सुरुवात. एडगर अ‍ॅलन पोची ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ही कथा वाचलेल्याला बालमित्र, पत्र आणि वाडा हे तिन्ही ओळखीचं वाटेल. उसनवारी उघड आहे, आणि ती कुणी लपवलेलीही नाही. पोनंतर भयकथाकार लव्हक्राफ्टचा नंबर लागतो: माणसानं पाहू नये असं काहीतरी जगाच्या पलीकडे आहे, हा त्याचा लाडका विषय. नारायण धारप वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रांत नवा नाही.

नवं आहे ते चित्र. २०१३ मध्ये मोठ्या कंपन्या पात्रांच्या त्वचेवरची छिद्रंसुद्धा दाखवू लागल्या होत्या, आणि इथे डेविटच्या चेहऱ्याला डोळेही नाहीत. चार-सहा रंगीत चौकोन, की झाला माणूस. भिंतीवरचा डाग रक्ताचा की ओलीचा, हे पडद्यावरून ठरवताच येत नाही. ते खेळणाऱ्यानं ठरवायचं, आणि अंधाऱ्या खोलीत एकटा बसलेला माणूस ओल कशाला ठरवेल? उरलेलं काम कार्लोस व्हिओलाचं संगीत करतं. चित्रानं जे सोडून दिलं ते कानावाटे आत येतं.

पण चमूचं खरं धाडस आहे ते पहिल्या काही मिनिटांत. डेविट दिसण्याआधी खेळणाऱ्याला बीचवर्थ व्हावं लागतं. माळ्यावर एक हताश माणूस जीव देण्याच्या तयारीत आहे, आणि त्या तयारीतली प्रत्येक पायरी माउसनं क्लिक केल्याशिवाय पुढे सरकत नाही. सिनेमात प्रेक्षकाला नजर वळवता येते. इथे नजर वळवली तर गेम थांबून राहतो, शांतपणे, वाट पाहत. शेवटी कुतूहल जिंकतं आणि बोट दाबलं जातं. गोष्ट सुरू होते ती अशी, आणि खेळणाऱ्याचे हात त्यात आधीच गुंतलेले असतात.

पुढे कळतं की निवासी शाळेत असताना या मित्रांना एक वेड लागलं होतं. डोळ्यांना दिसणाऱ्या जगाआड काय आहे ते त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी प्रयोग केले, त्यांची किंमत मोजली, आणि मग गप्प राहिले. डेविटला त्यातलं फारसं आठवत नाही. चार भागांच्या पहिल्या पर्वात तो आपलीच चौकशी करत फिरतो. पैसा किंवा पद हे या पोरांचं लक्ष्य नव्हतं. जाणण्याची महत्त्वाकांक्षा होती, आणि ती दिसायला इतकी सोज्वळ असते की तिच्यावर कुणी आरोप ठेवत नाही.

गंमत अशी की अ‍ॅडव्हेंचर गेमचा सगळा कारभार याच हव्यासावर चालतो. दिसेल तो खण उघडायचा, सापडेल ती वस्तू खिशात टाकायची, मृताची पत्रं वाचायची, कुलूप दिसलं की किल्ली शोधायची. दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये ही हुशारी ठरते. इथे मात्र डेविटचं पाप आणि खेळणाऱ्याची सवय एकच निघते. शेवटचं दार उघडू नये हे कळत असूनही ते उघडलं जातं, कारण न उघडता गेम संपणार कसा?

याच चमूनं २०१९ मध्ये ‘ब्लास्फेमस’ हा कितीतरी मोठा पिक्सेल गेम आणला. त्याच्यासाठी किकस्टार्टरवर लोकांनी तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली होती. नायकाचं शिरस्त्राण उंच, टोकदार आहे. सेव्हिलच्या पवित्र सप्ताहातल्या मिरवणुकांत प्रायश्चित्त घेणारे लोक घालतात त्या टोप्यांशी त्याचं थेट नातं आहे. या गेममध्ये अपराधभावाचा चक्क हिशेब ठेवला जातो. नायक मेला की त्याच्या अपराधाचा एक तुकडा त्या जागी पडून राहतो आणि त्याची शक्ती मावेल ती पट्टी तेवढी तोकडी होते. तुकडा परत जाऊन उचलायचा, नाहीतर कबुली ऐकणाऱ्या पुतळ्यापुढे त्या जगातलं चलन मोजून मोकळं व्हायचं. त्या चलनाला ‘प्रायश्चित्ताचे अश्रू’ असं नाव आहे. कल्पना झकास आहे, तरी मनाला जास्त चटका लावून जातो तो आधीचा, छोटा गेमच. ‘ब्लास्फेमस’मध्ये अपराधाचा भाव ठरलेला आहे आणि तो चुकताही करता येतो. माळ्यावरच्या त्या क्लिकची परतफेड करायला ‘द लास्ट डोअर’मध्ये कुठेही खिडकी उघडलेली नाही.