एक तार

मुख्याध्यापकाच्या कोशात ‘कॉपी’ या शब्दाइतका वाईट शब्द नसेल. परीक्षा आली की आम्ही बाकांमधून फिरत याच एका गोष्टीचा शोध घेत असतो. म्हणूनच पंचावन्नाव्या वर्षी मी तैलरंग शिकायला बसलो आणि गुरुजींनी पहिलाच आदेश दिला, “आधी एखादं मोठं चित्र कॉपी करा,” तेव्हा मला हसू आवरेना. गुरुजी म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. घरची भाषा कन्नड, मराठी आमच्यासारखीच सफाईदार.

मी चित्र निवडले ते जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या इंग्रज चित्रकाराचे ‘होप’. प्रतीकवादी चित्रकलेतले हे १८८६ सालचे गाजलेले चित्र. डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक स्त्री पृथ्वीच्या गोलावर बसली आहे. हातात लायर हे तंतुवाद्य. त्याच्या साऱ्या तारा तुटल्या आहेत. एक उरली आहे आणि मान वाकवून ती तिचाच स्वर ऐकते आहे.

चित्रातली आशा म्हटले की आपल्यासमोर सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांची दीपधारिणी येते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ते ‘ग्लो ऑफ होप’ आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. तिच्या चेहऱ्यावर उजेड आहे. वॉट्सच्या आशेजवळ दिवा नाही, आणि तिचे डोळेही आपल्याला दिसत नाहीत. हे चित्र पाहणाऱ्याला आधी त्याचे नाव ‘निराशा’ असावे असेच वाटेल, असे चेस्टरटनने वॉट्सवरील १९०४ च्या पुस्तकात सुचवले होते.

छापील प्रतीवर चौकटी आखल्या, तेवढ्याच कॅनव्हासवर आखल्या. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी नुसता छायाप्रकाश मांडला. खालचे थर पातळ, वरचे तेलकट, हा तैलरंगाचा नियम. उलट केले तर खालचा थर मागाहून वाळतो आणि वरचा तडकतो. जवसाचे तेल वाळायला दिवसच्या दिवस घेते. माझा हात भरभर चालू लागला की मागून आवाज येई, “सावकाश री, सर!” सावकाश हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे न कळल्याचे सोंगही करता येईना.

नक्कल करताना चित्र वेगळे दिसू लागते. नुसते पाहताना ‘बाई वाकली आहे’ एवढेच कळते. चौकटी मोजताना कळले, की कान त्या तारेपाशी नेण्यासाठी तिची मान, खांदा, पाठ, सारे शरीर वळले आहे. आशा चेहऱ्यावर नाही, त्या वाकण्यात आहे. आणि नकलेची लाज कशाला? खुद्द वॉट्सने हे चित्र पुन्हा रंगवले. लंडनच्या टेट संग्रहालयात आहे ती दुसरी आवृत्ती, त्याने राष्ट्राला दिलेली.

हे चित्र मी का निवडले, ते गुरुजींनी विचारले नाही. यंदा जूनमध्ये आमच्या शाळेत आठवीच्या दोन तुकड्यांची एक झाली. रिकाम्या वर्गाला मी स्वतः कुलूप लावले. पालकांना बोल लावावा, तर माझी स्वतःची नात बंगळुरूला इंग्रजी शाळेत जाते. मुलांच्या पोटापाण्याचा विचार करणाऱ्याला भाषाद्रोही म्हणणे मला जमत नाही. पण कुलपाची किल्ली खिशात वाजते, तेव्हा चैनही पडत नाही.

ती तार सर्वांत शेवटी काढायची होती. खालचा थर वाळेपर्यंत गुरुजींनी दोन आठवडे थांबवले. मग बारीक ब्रश, एकच रेघ. श्वास रोखून ओढली.

उरलेल्या तुकडीचा मराठीचा तास यंदा मी स्वतःकडे घेतला आहे. पट लहान झाल्याने एक झाले आहे: शेवटच्या बाकावरचा मुलगा पुटपुटला, तरी ऐकू येते.