आधी श्वास, मग एन्टर

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजलेले, आणि ऑन-कॉल कोण? अस्मादिक! फोन वाजला. प्रॉडक्शन डाउन. लॅपटॉप उघडतो तर चॅटवर निम्मं ऑफिस जागं, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "किती वेळ लागेल?" छातीत धडधड, कान गरम. समोर दोन विंडो उघड्या होत्या. मी रीस्टार्टची कमांड टाकली, एन्टर मारलं... आणि जो एकमेव सर्व्हर जिवंत होता, तोच झोपवला.

विंडोवर सर्व्हरचं नाव ठळक लिहिलं होतं हो! पण मला ते दिसलंच नाही. आणि मी म्हणे दर रविवारी प्राणायाम करतो.

शनिवारी मामाकडे जेवायला गेलो तेव्हा हे सांगितलं. आमचा मामा खरोखरचा 'पोलीस मामा', निवृत्त हवालदार. वाटलं हसेल. हसला नाही.

"तुझा सर्व्हर परत उठला ना? एका बंदोबस्तात एका पोराने खिशात हात घातला आणि माझी काठी बसली. मनगट मोडलं त्याचं. खिशात काय होतं? रुमाल. बाप शेजारीच उभा राहून ओरडत होता, मला ऐकूच आलं नाही."

मामी पोळी वाढता वाढता थांबली. तिलाही हे नवीन होतं.

घरी येऊन मी शोधत बसलो, आपल्याला दुसरं येतं काय! ताण वाढला की लक्ष आणि नजर आक्रसते, कडेचं दिसेनासं होतं. 'शांत राहा' असं सांगून उपयोग नसतो. पण श्वास हा एक हँडल आपल्या हातात असतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. पोटातून सावकाश श्वास घेतला की हा चढउतार मोठा होतो. हे सेन्सरने मोजून त्याच क्षणी माणसाला दाखवायचं, यालाच बायोफीडबॅक म्हणतात. अनेक देशांतल्या पोलीस अकादम्यांत हे शिकवतात, पण वर्गात, खुर्चीवर बसवून. म्हणजे माझा रविवारचा प्राणायामच की!

नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच हेरलं. त्यांनी व्हर्च्युअल रिॲलिटीतला एक गेम बनवला. डोळ्यांवर हेडसेट, समोरून कोणीतरी येतंय. गोळी झाडायची की हात आवरायचा, हे क्षणात ठरवायचं. गंमत पुढेच आहे. श्वास सावकाश आणि खोल असेल तर कडेचं नीट दिसतं, नाहीतर दृश्य कडेने आक्रसत जातं. प्रत्यक्षात शरीर जे गुपचूप करतं, ते गेम उघडपणे करून दाखवतो.

2022 साली याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोलिसांचे नऊ प्रशिक्षक, चार आठवडे, दहा सत्रं. काही सत्रांत फीडबॅक चालू, काहींत बंद. नऊपैकी आठ जणांचं धावपळीतही श्वासावरचं नियंत्रण सुधारलं, खेळातले निर्णयही सुधारले. आणि महत्त्वाचं म्हणजे, फीडबॅक बंद केल्यावरही ते टिकलं. आता नऊ म्हणजे फार लहान आकडा, आणि गेम म्हणजे रस्ता नव्हे, हे मान्य. पण मुद्दा पटला. पोहायला पाण्यातच शिकावं लागतं, आणि शांत राहायला धडधडीतच.

मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आम्हाला परेड शिकवली, काठी चालवायला शिकवली. श्वास कोणी शिकवला नाही रे."

मी काय बोलणार?

सोमवारी टीम लीडला गळ घातली, की दर महिन्याला एकदा टेस्ट सर्व्हर मुद्दाम पाडू, घड्याळ लावून. पहिल्या वेळी माझी तीच धडधड, तेच गरम कान. बोट एन्टरवर होतं. एक लांब श्वास सोडला आणि विंडोवरचं नाव वाचलं.

चुकीची विंडो होती.

असो. या आठवड्यात पुन्हा ऑन-कॉल आहे.