टॅपेट वाजतंय, वाजू दे

इंजिनाच्या सगळ्या आवाजांत मला टॅपेटचा आवाज आवडतो. हे ऐकून आमचा मेकॅनिक हसतो. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला नेमका तोच आवाज बंद करून हवा असतो. पण टॅक्सीथांब्यावरच्या पहिल्या मजल्यावर ज्याचं लहानपण गेलं, त्याच्या कानात तो कायमचा बसलेला असतो. पहाटे काळ्या-पिवळ्या फियाट एकेक करून जाग्या व्हायच्या. चोक ओढलेलं इंजिन आधी कुरकुरायचं, गुरगुरायचं, आणि जरा स्थिरावलं की त्या गुरगुरीवर एक बारीक, कोरडी टिकटिक उमटायची. अंथरुणात पडल्या पडल्या मी गाड्या ओळखायचो.

कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली ती फियाट अकराशे, पुढे पद्मिनी झालेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. एवढं अंतर काटायचं म्हणून कॅमवर टॅपेट, टॅपेटवर उभी पुशरॉड आणि तिच्या डोक्यावर रॉकर. कॅमचा उंचवटा आला की पुशरॉड वर चढते, रॉकर बागेतल्या सी-सॉसारखा कलतो आणि त्याचं दुसरं टोक व्हॉल्व्हची दांडी दाबतं. या रॉकरमध्ये आणि दांडीमध्ये एक फट मुद्दाम ठेवलेली असते, मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशाची. धातू तापला की लांबतो. त्याला लांबायला जागा हवी. ही फट ओलांडून रॉकर दांडीवर आपटतो, तीच टिकटिक. म्हणजे थोडा आवाज हा त्या इंजिनाचा हक्कच आहे. फट वाढली की मात्र टिकटिकीची टकटक होते, व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, गाडी चढावर दम टाकते.

टिकटिकणारं सगळंच टॅपेट नसतं, आणि खरी गंमत इथे आहे. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे टॅपेटचा ठेकाही निम्मा. इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर असेल तर एक ढिला टॅपेट चारशेच ठोके देणार. कान तयार असेल तर या ठेक्यावरूनच आवाज हेडमधला की खालचा, हे कळतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं तरी हुबेहूब असंच टिकटिकतं, पण ते गार इंजिनावर जास्त, आणि धातू तापून फट मिटली की गप्प. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं तर आवाज खोल, जड, ठकठक असा, आणि अॅक्सिलरेटर दाबला की वाढणारा. तो ऐकला की गाडी तिथेच बंद करावी, टॅपेटच्या नादी लागू नये.

जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाशी टेकवून पातं टॅपेट कव्हरवर ठेवायचे, आणि डोळे मिटून एकेक जागा तपासायचे. स्टेथोस्कोप आणलात तरी काम तेच. नक्की कोणता ते पाहायचं तर कव्हर काढून इंजिन मंद चालू ठेवायचं आणि एकेका रॉकरखाली फट मोजायच्या फिलर गेजची पत्ती सरकवायची. जिथे आवाज थांबला, तिथला चोर सापडला. ऑइलचे शिंतोडे अंगावर येतात ते वेगळं.

अॅम्बॅसेडरवाल्यांकडे फट लावण्याची एक सुंदर युक्ती होती, नऊच्या बेरजेची. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल तेव्हा आठवा लावायचा, तिसरा दाबलेला असेल तेव्हा सहावा. दोघांची बेरीज कायम नऊ. आठही व्हॉल्व्ह यातच होतात. अडतं ते लॉकनटपाशी. पत्ती हलकी घासत सरकतेय म्हणून नट आवळावा, तर त्याच्यासोबत स्क्रूही जरासा फिरतो आणि फट बदलते. म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा पत्ती घालून बघायचीच. आणि एवढं करूनही आवाज राहिला, तर रॉकरच्या टोकाकडे पाहावं. वर्षानुवर्षं आपटून तिथे खळगा पडतो. सपाट पत्ती खळग्याच्या काठांवर बसते आणि फट बरोबर असल्याचं खोटंच सांगते. तिथे रॉकर बदलावा, नाहीतर घासून पॉलिश करावा. स्क्रू पिळून उपयोग नाही.

पण मला खरी भीती वाटते ती आवाजाची नाही, त्याच्या नसण्याची. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली बरीचशी धग सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकायलाच मिळालं नाही तर त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं, आणि हे सगळं अगदी शांतपणे होतं. देशभर २००० साली शिसंविरहित पेट्रोल आलं. शिशाचा थर जुन्या सीटांना सांभाळत असे, तो गेला. पुढे टॅक्सी सीएनजीवर गेल्या. तो तर कोरडाच वायू. सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत गेला की दांडी वर येते आणि फट मिटते. गाडी दिवसेंदिवस गोड चालते असं वाटत असतं, आणि एका सकाळी एक सिलिंडर मिस मारू लागतं. जुनी गाडी विकताना टॅपेट आवळून, जाड ऑइल ओतून तिला गप्प करणारे लोकही कमी नाहीत. फार शांत जुनी गाडी दिसली की मी दोन पावलं मागे सरकतो.

नव्या इंजिनांत ही फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरणारे हायड्रॉलिक लिफ्टर आले. अमेरिकेत कॅडिलॅकच्या १९३०च्या व्ही-सोळा गाडीतच ते होते. सकाळी गार इंजिनावर ते काही सेकंद वाजले तर दुर्लक्ष करावं. रात्रभरात उतरलेलं ऑइल परत चढायला तेवढा वेळ लागतो. गरम झाल्यावरही वाजत राहिले, तर आधी डिपस्टिक काढा. ऑइल कमी असेल, जुनं चिकट झालं असेल, किंवा जास्त भरल्यामुळे फेसाळलं असेल. ऑइल आणि फिल्टर बदलून आवाज गेला नाही, तरच लिफ्टर खोलायचा विचार करा. उलटं केलं की खर्च वाढतो.

मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून गेली. खाजगी गाड्या आहेत अजून, हौशी लोकांनी जपलेल्या. त्यातली एखादी तुमच्याकडे असेल तर फिलर गेजचा संच घ्या, आणि फट किती व इंजिन गार की गरम हे त्या गाडीच्या पुस्तकात पाहूनच लावा, ऐकीव आकड्यावर नको. कव्हर लावताना पॅकिंग मात्र नवं घाला. जुनं चालेल म्हणणाऱ्या सगळ्यांच्या इंजिनावरून ऑइल गळतं.