स्टिल्टमधले गॅरेज आणि गाडीचा स्टँड

मोटारसायकल स्टँडवरून पडते ती बहुधा दोनच क्षणी: स्टँडवर चढवताना आणि स्टँडवरून उतरवताना. मधला वेळ, तासाचा असो की आठवड्याचा, बराच निर्धोक असतो. खालची जमीन मात्र टणक आणि सपाट हवी. घरी गाडीचे काम करणाऱ्याने आधी या दोन क्षणांचा आणि त्या जमिनीचा विचार करायचा. पाने, स्प्रे, फडकी नंतर. पुढील विवेचन प्रस्तुत लेखकाने द्रोणागिरीत, एका सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, काही वर्षे केलेल्या अशा कामांवर आधारलेले आहे.

द्रोणागिरी हा नवी मुंबईचा उरण तालुक्यातला नोड. सिडकोने तो मिठागरांच्या आणि खाजणाच्या जमिनीवर भराव टाकून वसवला. भराव वर्षानुवर्षे बसत राहतो. इमारत पाइलवर उभी असते, त्यामुळे ती जागची हलत नाही, पण आवारातले पेव्हर ब्लॉक खचतात आणि पावसाळ्यानंतर एखादा ब्लॉक नुसता पाय ठेवला तरी डुलतो. अशा ब्लॉकवर साइड स्टँडचे टोक आले तर रात्रीतून गाडी आडवी होऊ शकते. शिवाय तिन्हीत्रिकाळ खारा वारा आणि जेएनपीए बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरची धूळ. इथे गाडीची चेन पावसाळ्यात दोन दिवसांत तांबूस होते. म्हणून चेन साफ करून तेल देण्याचे काम इथे वारंवार निघते, आणि मागचे चाक उचलल्याशिवाय ते नीट होत नाही. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत धावू लागली, द्रोणागिरीला स्थानक झाले. तेव्हापासून अनेकांच्या गाड्या आठवडाभर स्टिल्टमध्येच उभ्या असतात. गाडी किती वेळ आणि कशी उभी राहते, हा प्रश्न त्यामुळे अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

वेगळे गॅरेज इथे क्वचितच कोणाकडे असते. दोन कॉलममधली पार्किंगची जागा हेच घरचे गॅरेज. स्टिल्टची जमीन ट्रिमिक्स काँक्रीटची असेल तर उत्तम. लाद्यांची असेल तर ओल्या किंवा तेलकट लादीवर स्टँड घसरतो हे धरूनच चालावे. पाणी वाहून जाण्यासाठी जमिनीला उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना सहसा दिसत नाही. पाण्याचा तांब्या ओतून ओघळ कुठे जातो ते पाहिले की उतार कळतो. लेखकाच्या जागेत तो भिंतीकडून गटाराच्या जाळीकडे आहे, आणि गाडी त्याच्याच दिशेत उभी लावल्यावरच डबल स्टँडचे दोन्ही पाय सारखे टेकतात.

साइड स्टँड हा उभे राहण्यापुरता आधार आहे, कामासाठी नव्हे. त्यावर गाडी डावीकडे कललेली असते आणि बराचसा भार एका लहानशा टोकावर येतो. म्हणून पेव्हरवर, मातीवर किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर टोकाखाली पत्र्याचा किंवा प्लायचा तुकडा ठेवावा. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, हँडल डावीकडे वळवून लॉक करावे. उतारावर तोंड चढाकडे हवे. तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकते आणि स्टँड मागे मिटत जातो.

डबल स्टँड, म्हणजे मधला मोठा स्टँड, आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांना असतो आणि घरच्या कामाला तोच सर्वांत भरवशाचा. तो लावताना ताकद हातांची लागते असा समज आहे आणि कंबर धरते ती या समजापायी. रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आहे. ती हातांनी ओढून कोणीही स्टँडवर चढवू शकत नाही. डाव्या बाजूला उभे राहून डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीवर ठेवायचा. उजव्या पायाने स्टँड खाली दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला एकाच वेळी टेकेपर्यंत गाडी सरळ करायची. दोन्ही टेकल्याचा बारीकसा आवाज येतो आणि पायालाही ते जाणवते. मग स्टँडच्या पट्टीवर शरीराचा सगळा भार द्यायचा. गाडी आपोआप मागे आणि वर येते. हातांचे काम फक्त तिला सरळ ठेवण्याचे. एकच पाय टेकला असताना जोर दिला तर गाडी दुसऱ्या बाजूला जाते. पायात बूट असावेत. स्लिपर पट्टीवरून सटकते आणि नडगीवर लोखंड बसते.

यामाहा आर१५ किंवा केटीएम ड्यूक यांसारख्या गाड्यांना डबल स्टँड नसतो. त्यांच्यासाठी पॅडॉक स्टँड घ्यावा लागतो. तो मागच्या चाकामागून सरकवायचा आणि दांडा खाली दाबून चाक उचलायचे. स्टँडचे आकडे दोन प्रकारचे असतात. रबर लावलेले सपाट आकडे स्विंगआर्मला, मेकॅनिकच्या भाषेत चिमट्याला, खालून टेकतात. खाचेचे आकडे चिमट्याला बसवलेल्या दोन स्पूलना, म्हणजे रिळांसारख्या खुंट्यांना, धरतात. स्पूल बसवण्याची सोय असेल तर खाचेचा प्रकारच घ्यावा. सपाट रबरावर चेनचे तेल सांडले की ते साबणासारखे निसटते. हा स्टँड म्हणजे तरफ आहे. आर१५ चे वजन सुमारे १४० किलो. मागच्या चाकावर त्यातले अर्धे धरले तर ७० किलो, आणि दांडा आकड्यापेक्षा चौपट लांब असेल तर अठरा किलोंच्या आसपास जोर पुरतो. म्हणजे याहून बराच जोर लागत असेल तर काहीतरी चुकते आहे. थांबून आकडे पाहावेत.

चढवण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि पुढचा ब्रेक सुटा, कारण चढताना ती थोडी मागे येते. साइड स्टँड उघडाच ठेवायचा. गाडी सरळ करताना ती उजवीकडे जास्त झुकली तर तिकडे धरायला काहीच नसते, म्हणून दुसरा माणूस असेल तर तो उजव्या बाजूला उभा करावा. डावा आकडा आधी स्पूलला लावायचा, मग उजवा, आणि दांडा दाबण्याआधी दोन्ही बाजूंना वाकून पाहायचे. हाताला लागले एवढे पुरत नाही, डोळ्यांनी पाहायचे.

लेखकाची गाडी पडली ती उतरवताना. श्रावणातला रविवार होता. चेन धुऊन, पुसून, तेल देऊन झाली होती. साइड स्टँडच्या स्प्रिंगमध्ये चिखल सुकून बसला होता, तो काढण्यासाठी स्टँड मिटवला होता आणि तो तसाच राहिला. पॅडॉकचा दांडा वर गेला, चाक जमिनीला टेकले, आकडे सुटले. उजवा हात मागच्या दांडीवर होता. गाडी सवयीने डावीकडे, साइड स्टँडवर, सोडली आणि तिथे स्टँड नव्हता. ती थांबेल थांबेल म्हणेपर्यंत हँडल फिरले होते. गाडी मांडीवर आली, फूटरेस्ट नडगीत रुतला. तिच्याखालून पाय काढता येईना आणि तिला उचलताही येईना. शेजारच्या जागेत स्कूटर पुसत असलेले काका धावत आले, त्यांनी हँडल धरले आणि पायाने साइड स्टँड उघडला. आरसा फुटला, क्लचचा लिव्हर वाकला, नडगी महिनाभर काळीनिळी होती. पलीकडे ओळीने सहा गाड्या उभ्या होत्या. अंतर हातभर कमी असते तर त्या एकावर एक गेल्या असत्या. त्याहून भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची: रविवारी सकाळी त्याच जागेत मुले सायकली फिरवतात.

तेव्हापासून काका स्टिल्टमध्ये असले की दांड्याला हात लावण्याआधी विचारतात, “साइड स्टँड उघडलास का रे?” “उघडला, काका,” असे मोठ्याने सांगितल्याशिवाय दांडा हलत नाही. एकटे असतानाही ते वाक्य मोठ्याने म्हणण्याची सवय लेखकाने लावून घेतली आहे, कारण तोंडाने म्हणताना नजर आपसूक खाली जाते.

पुढचे चाक उचलायचे असेल तर आधी मागचा स्टँड लावायचा, नंतर पुढचा. उतरवताना उलट, आधी पुढचा काढायचा. मागून पक्की न धरलेली गाडी पुढून उचलली तर ती कोणत्याही बाजूला जाऊ शकते. पुढचा स्टँड फोर्कच्या तळाला टेकणारा किंवा हँडलच्या मधल्या दांड्याखाली पिन घालून धरणारा असतो. फोर्क काढायचे असतील तर दुसराच लागतो. स्टँड नाही म्हणून इंजिनखाली जॅक लावण्याची युक्ती सर्रास दिसते. ऑइलच्या तळावर, फिल्टरवर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर जॅक कधीही लावू नये. फ्रेमला टेकू देण्याजोगी जागा असेल तरच, मध्ये लाकडाचा ठोकळा घालून, तो लावावा.

स्टँडवरच्या गाडीवर जोराचे काम करू नये. एक्सलचा घट्ट नट सैल करायचा तो गाडी जमिनीवर असतानाच, चाक उचलण्याआधी. पान्यावर शरीराचा भार दिला की तोच भार स्टँडवर आडवा येतो. चेन साफ करताना इंजिन बंद, चावी काढून खिशात. इंजिन चालू ठेवून चाक गिअरमध्ये फिरवत चेन पुसणे हा या सगळ्या कामातला सर्वांत वाईट प्रकार आहे. फडके स्प्रॉकेटच्या दातांत जाते आणि त्यामागून बोटे. चाक हातानेच, उलटे फिरवावे. उलटे फिरवले की खालच्या बाजूची चेन मागच्या स्प्रॉकेटपासून दूर जाते, म्हणून फडके तिथे धरावे. चेनचा ढिलेपणा मोजण्यापूर्वी गाडीची पुस्तिका उघडावी: काही गाड्यांत तो साइड स्टँडवर मोजायचा असतो, काहींत चाक उचलून.

खाऱ्या हवेत स्टँडलाही गंज धरतो. डबल स्टँडची स्प्रिंग आणि तिचे आकडे महिन्यातून एकदा पुसून ग्रीस लावावे. ताण गेलेली स्प्रिंग स्टँडला वर धरत नाही आणि तो वळणावर रस्त्याला घासतो. पॅडॉक स्टँडचे जोड वेल्डिंगचे असतात. रंगाखाली तांबूस रेघ दिसली तर ती खरवडून पाहावी आणि तडा असेल तर तो स्टँड वापरू नये. स्पूलचे बोल्ट दर वेळी हाताने पिळून पाहावेत, स्टँडच्या चाकांची रबरे फुटली असतील तर बदलावीत. काम संपले की स्टँड जमिनीवर पडू न देता भिंतीच्या खुंटीला, मुलांच्या डोक्यापेक्षा वर टांगावा.