मामाची कॉमेंट्री

माझ्या मामाला तीन भाषांत ओरडता यायचं. आपला पॉइंट गेला की मराठीत, रेफ्रीनं चुकीचा निर्णय दिला की कन्नडमध्ये, आणि आपल्याच पोरानं सर्व्हिस जाळ्यात मारली की दखनी उर्दूत. रविवारी मिस्साला मात्र तो एकदम गप्प. सगळ्यात मागच्या बाकावर, दाराजवळ बसायचा. लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस. खरं कारण मला माहीत होतं. बाकाखाली बॉल असायचा आणि शेवटचं गीत संपायच्या आत त्याला बाहेर जाऊन जाळं बांधायचं असायचं.

मामा सरकारी बसमध्ये कंडक्टर होता. भालकी, हुमनाबाद, कलबुर्गी, आणि परत. कातडी पिशवीत सुटे पैसे, तिकिटं, जपमाळ आणि एक छोटा ट्रान्झिस्टर. मॅच असली की बसमधले लोक तिकीट नंतर मागायचे, आधी स्कोअर विचारायचे. तोही सांगताना नुसता आकडा सांगायचा नाही. कोण कसा आउट झाला, कॅच कुठं गेला, सगळं हातवारे करून. एकदा यात एका आजीचा स्टॉप मागं गेला. मामानं बस थांबवली, आजीचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि तिला मागं चालत सोडून आला. तोवर ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या आम्ही. (मी सुट्टीत कधीकधी त्याच्या बसमध्ये असायचे, कंडक्टरच्या सीटवर.)

आमच्या भागाबद्दल इथं कॉलेजात सांगताना माझी जरा पंचाईत होते. बिदर म्हटलं की मुली विचारतात, मग तू मराठी कशी? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निजामाचं हैदराबाद संस्थान तीन वाट्यांत गेलं. जुन्या बिदर जिल्ह्यातलं उदगीर मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात गेलं, भालकी म्हैसूर राज्यात गेलं. आमच्या आजोबांची बहीण उदगीरला, आजोबा भालकीत. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात उर्दू. त्यात आम्ही कॅथलिक, म्हणजे आणखी थोडे वेगळे.

मामाला हा प्रश्न बाराव्या वर्षीच पडला होता, तोही क्रिकेटमुळे. १९७४ साली रणजी करंडकाच्या सेमीफायनलला बंगळूरला कर्नाटक आणि मुंबई समोरासमोर आले. मुंबईनं त्याआधी सलग १५ वर्षं करंडक जिंकला होता. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक होऊन जेमतेम काही महिने झाले होते. आजोबा मुंबईकडून, कारण गावसकर आपला, वाडेकर आपला. मामा कर्नाटकाकडून, कारण विश्वनाथ त्याचा देव. विश्वनाथनं शतक काढलं, प्रसन्नानं गावसकरचा त्रिफळा उडवला, वाडेकर पळताना घसरून रनआउट झाला आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबई हरली. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत म्हणे. मामा जेवला, पण अंगणात, आणि हसू दाबत.

पुढं विश्वनाथनं गावसकरच्या बहिणीशी लग्न केलं. ते कळलं तेव्हा मामा आजोबांना म्हणाला, "आता कसं? दोघं पण आपलेच झाले." सीमाप्रश्नावरचं एवढं सोपं उत्तर मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पण क्रिकेट ऐकायचं आणि व्हॉलीबॉल खेळायचं, असं त्याचं ठरलेलं होतं. चर्चच्या कंपाउंडात चुन्याच्या रेघा मारून, मासे धरायचं जुनं जाळं दोन खांबांना बांधून त्यानं कोर्ट केलं होतं. काही बायकांनी तक्रार केली, की देवळाच्या दारात हा काय गोंधळ. फादरांनी मामाला बोलावून घेतलं. मामानं कुठूनतरी माहिती काढून ठेवलेली होती. व्हॉलीबॉल १८९५ मध्ये अमेरिकेत होलिओक गावात, वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन नावाच्या माणसानं काढला. "म्हणजे फादर, हा खेळ मुळात ख्रिश्चनच हाय." फादर म्हणाले, "अरे, पण ते प्रोटेस्टंट." मामा म्हणाला, "म्हणून तर बॉल पलीकडं पाठवायलोय." फादर हसले आणि कोर्ट राहिलं.

फादरांशी त्याचं आणखी एक मत जुळत नव्हतं. संत पौलाच्या पत्रांत धावण्याची शर्यत येते, मुष्टियुद्ध येतं. मामाचं ठाम म्हणणं, की पौलानं करिंथला स्पर्धा नक्की बघितल्या असणार, उगाच कुणी असं लिहीत नाही. मी इथं आल्यावर वाचलं, करिंथजवळ खरंच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ व्हायचे. हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो एवढा खूश झाला, की जणू पौलाचं तिकीट त्यानंच फाडलं होतं.

मी चार वर्षांची असताना पप्पा गेले. आई कलबुर्गीला नर्स. मामा ड्यूटी संपवून दर आठवड्याला आमच्याकडं यायचा, तुरीची डाळ, आजीनं दिलेलं लोणचं आणि आठवडाभराचे स्कोअर घेऊन. त्यानं लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचा, "टीम फुल्ल हाय." लहानपणी मला त्यात विनोद वाटायचा. आता वाटतं, एखाद्या वेळी तरी मी त्याला नीट विचारायला हवं होतं.

सुट्टीत मला तो कोर्टवर उभी करायचा. मी बुटकी. पुढच्या रांगेत जाळ्यापाशी यायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. सर्व्हिस आपल्याकडं आली की सगळ्यांनी एक जागा सरकायचं, हा नियमच आहे. मी म्हणायचे, मामा, मला मागंच ठेव ना. तो म्हणायचा, "सरक माय. तुझी पाळी हाय." एवढंच. समजूत वगैरे काही नाही. दहावीनंतर मी खेळणं सोडलं, अभ्यासाचं कारण सांगितलं. त्यानं "बरं" म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात परत स्कोअर घेऊन आला.

आता जे सांगायचं ते.

५ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिम्पिक, हॉकीचं ब्राँझ, भारत विरुद्ध जर्मनी. मॅच सकाळी सातला होती. मामा भालकीत, मी कलबुर्गीत. आदल्या रात्री त्यानं दोनदा सांगितलं होतं, उठ म्हणून. मी रात्री उशिरापर्यंत फोन बघत बसले आणि सकाळी झोपून राहिले. साडेआठनंतर फोन वाजायला लागला. मी बघितलं, मामा. कट केला. परत वाजला, परत कट केला. तिसऱ्यांदा सायलेंटवर टाकला.

भारत ५-४ नं पुढं होता आणि शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला होता. ४१ वर्षांनी हॉकीचं मेडल येणार की नाही, ते त्या एका कॉर्नरवर होतं. मामाला ते एकट्यानं बघवत नव्हतं. त्याला फक्त फोन चालू ठेवून कुणीतरी पलीकडं हवं होतं. श्रीजेशनं तो अडवला, भारत जिंकला, मी झोपले होते.

दहा वाजता मी फोन केला. म्हटलं, "बघितले रे हायलाइट्स, भारी!" तो म्हणाला, "व्हय का? बरं झालं." मग थोडं थांबून, "हायलाइट्समध्ये ते वाट बघणं नसतंय माय." रागानं नाही. मला पुढं काही सुचलं नाही. त्यानंच विषय बदलला, आई कशी हाय, जेवलीस का.

मामा २०२४ च्या फेब्रुवारीत गेला. रात्री झोपेत, कुणाला काही न सांगता. मी पोचले तेव्हा दफनविधी सुरू व्हायचा होता. शवपेटी उचलायला कोर्टवरची सहा पोरं होती, त्यातले दोघं मुसलमान, एक लिंगायत. दफनभूमीपर्यंतच्या वाटेवर खांदा दुखला की ती जागा बदलत होती. मला रडू आलं ते तिथं, चर्चमध्ये नाही. त्याच्या पिशवीत जपमाळ होती आणि एक वही. वहीत आमच्या कोर्टवरच्या सगळ्या मॅचेसचे स्कोअर. माझ्या नावापुढं पॉइंट फारसे नव्हते. तरी दरवेळी नाव होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिक. १ तारखेला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक मेडल. त्यात कुसाळे तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. मी वाचलं आणि माझा हात फोनकडं गेला. तिकीटवाला! मामानं अख्ख्या डेपोला पेढे वाटले असते.

८ तारखेला हॉकीचं ब्राँझ, समोर स्पेन. मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून फोनवर बघत होते, तिथंच रेंज येते. हरमनप्रीतचे दोन गोल, २-१. श्रीजेशची ही शेवटची मॅच. शेवटच्या मिनिटांत स्पेनला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि माझे हात गार पडले. मी रूममेटचा फोन घेऊन आईला लावला. ती रात्रपाळीला निघत होती. तिला हॉकीतलं काही कळत नाही.

"काय गं, काय झालं? रडायलीस का?"

"नाही. तू फक्त फोन ठेवू नकोस."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिनं चप्पल काढल्याचा आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, "सांग मग. आता कुणाकडं हाय बॉल?"

मी सांगायला लागले.