तिसरी चकती

नानांनी मॅसी घेतली 1987 साली. दहा-पस्तीस, तीन सिलेंडरची. बँकेचं कर्ज फिटेपर्यंत आम्ही दिवाळीला कपडे घेतल्याचं मला आठवत नाही. नाना गेले तोवर ती म्हातारी झाली होती. ऑइल खायची, ओढ्याच्या चढाला नांगर घेऊन धापा टाकायची, सायलेन्सरमधून काळा-निळा धूर सोडायची. पुण्याचा थोरला भाऊ म्हणाला, "विकून टाक. भाड्यानं पेरून घेत जा."

बार्शीकडच्या काळ्या रानात ज्यानं रब्बीची ज्वारी पेरली आहे, त्याला भाड्याचा ट्रॅक्टर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पाऊस उघडतो, वाफसा येतो आणि चार-पाच दिवसांत ओल उडून जाते. त्याच चार-पाच दिवसांत सगळ्या गावाला ट्रॅक्टर पाहिजे असतो. ज्याचा ट्रॅक्टर त्याचं रान आधी, मग त्याच्या पाव्हण्यांचं, मग आपलं. तोवर मालदांडी पेरायला उशीर झालेला असतो.

म्हणून मी इंजिन बांधायचं ठरवलं, आणि तेही स्वतःच. मिस्त्रीला द्यायला पैसे नव्हते हे झालं एक कारण. दुसरं, भावाला दाखवायचं होतं. ते तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली महिनाभर काम चाललं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं. व्हॉल्व्ह मी स्वतः पेस्ट लावून घासले, हाताला फोड येईपर्यंत. काढलेलं सामान आई डिझेलमध्ये धुऊन डालड्याच्या डब्यात भरायची. नॉझल तेवढी तालुक्याच्या डिझेल पंपाच्या दुकानात नेली. तिथल्या म्हाताऱ्यानं टिपा बदलल्या, मशीनवर फवारा दाखवला. सहाशे रुपये मागं ठेवून आलो; इंजिन चाललं की देतो म्हणालो.

इंजिन जोडून झालं तेव्हा पितृपंधरवडा लागला होता. आई म्हणाली, घट बसल्यावर चालू कर. मी कुठला थांबतोय! फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंपानं एअर काढली, स्टार्टर मारला. तिसऱ्या खेपेला इंजिन घेतलं. पण घेतलं ते लंगडतच. ढग-ढग-फुस्. ढग-ढग-फुस्. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सगळ्या अंगणात पसरला. शेजारचा आबा कुंपणावरून म्हणाला, "मिसिंग करतंय की रं."

ते मलाही ऐकू येत होतं.

परत एअर काढली. टॅपेट पुन्हा लावले, थंड इंजिनावर बारा थाउ. फरक नाही. मग चालू इंजिनावर एकेका नॉझलच्या पाइपाचा नट ढिला करून बघितला. एकचा ढिला केला, इंजिन बसायला लागलं. तीनचा केला, तसंच. दोनचा ढिला केला, डिझेल उडालं, आवाजात मात्र काडीचा फरक नाही. म्हणजे दोन नंबर मुळात कामच करत नव्हता. खात्री करायला थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डवर पाण्याचा हात झटकला. एक आणि तीनच्या तोंडाशी पाणी चर्र करून उडालं, दोनशी थेंब तसेच बसून राहिले.

माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी मोटरसायकलवर दुकान गाठलं. गिऱ्हाइकांसमोर म्हाताऱ्याला म्हणालो, "काका, पैसे नव्या टिपांचे घेता आणि जुनीच घालता काय?" तो हातातलं काम न सोडता म्हणाला, "नॉझल चांगलीय. सीट साफ केली होती का?" मी महिनाभर राबून इंजिन बांधलेलं, आणि हा मला साफसफाई शिकवतोय! सहाशे रुपये विसरा, असं सांगून परत आलो.

संध्याकाळी दोन आणि तीनच्या नॉझलांची अदलाबदल केली. हे खरं तर दुकानात जाण्याआधी करायला पाहिजे होतं. नॉझल खराब असेल तर खोट तिच्याबरोबर तीनवर जायला हवी. गेली नाही. तीन नीट चालला, दोन तसाच मुका.

आता उरलं कॉम्प्रेशन. रिंग तुटली, नाहीतर व्हॉल्व्ह बसत नाही, नाहीतर लायनर. म्हणजे हेड पुन्हा उतरवायचं, नवी गॅस्केट, पुन्हा खर्च. आणि नेमका त्या रात्री पाऊस झाला. चांगला झाला. गावाला आनंद, मी बाजेवर कूस बदलत पडलेलो.

सकाळी मी हेडच्या नटांना पान्हा लावला तेव्हा आई डबा घेऊन आली. भंगारवाल्यासाठी ती तांबं-पितळ वेगळं काढून ठेवते. तांब्याला भाव येतो.

"आरं, त्या तांब्याच्या चकत्या, नॉझलखालच्या. दोनच हायेत. तिसरी तू फेकलीस का काय?"

"असंल कुठं तरी," मी म्हणालो.

"कुठं तरी कशी? मी सगळं मोजून ठिवलंय. तीन नॉझलं, दोन चकत्या."

पान्हा माझ्या हातात तसाच राहिला.

दोन नंबरची नॉझल काढली. तिच्याबरोबर नवा वायसर आला. भोकात बॅटरी मारली तर तळाशी काळीकुट्ट सपाट जागा, हेडचीच वाटावी अशी. सायकलच्या आऱ्याचं टोक वाकवून खरवडलं. काजळीखालून तांबूस रेघ चमकली. अर्धा तास आरा आणि पेचकस फिरवत बसलो, मग ती चकती सुटली. जुना वायसर हेडलाच चिकटून राहिलेला आणि मी त्याच्यावर नवा घालून नॉझल आवळलेली. दोन वायसरांवर बसलेली नॉझल वर उचललेली, फवारा पिस्टनवरच्या खड्ड्यात जायचा तो भोकाच्या कडेलाच भिजायचा. शिवाय काजळीवर चकती सपाट बसेना, म्हणून तिथून दाबही फुसकत असणार.

सीट साफ केली. एकच नवा वायसर घातला, दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. एअर काढली. स्टार्टर मारला आणि दोन-चार झटके देऊन तिन्ही सिलेंडर एकसारखे बोलायला लागले. धूर पांढऱ्याचा फिका होत दिसेनासा झाला. आईनं चकती पदरानं पुसली, डब्यात टाकली आणि म्हणाली, "आता झाल्या तीन."

नवं इंजिन म्हणून पहिले दोन दिवस जोर न देता चालवलं, मग पाभर जोडली. पाच एकर वाफशावर पेरून झालं. भाऊ दसऱ्याला आला, रान बघून आला, काही बोलला नाही. मीही नाही.

दुकानात मात्र जायला मला पंधरा दिवस लागले. त्या वाटेनं दोनदा गेलो आणि दोनदा पुढं निघून गेलो. तिसऱ्यांदा गाडी लावली. म्हातारा पंप खोलून बसला होता. सहाशे रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "काका, चूक माझी होती. जुना वायसर भोकातच राहिला होता."

त्यानं हात पुसून पैसे मोजले, गल्ल्यात टाकले.

"दोन नंबरला?"

"व्हय."

"हं," म्हणाला आणि पुन्हा पंपाकडं वळला. चहा सांगितला नाही.