मागें राहणारीं अक्षरें

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, पण आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, हें वचन आपण सर्वांनीं वर्गांत ऐकलेलें आहे. आम्हांस तें घरीं शिकावें लागलें.

१७२५ मध्यें बांधलेला मस्तगडचा किल्ला आणि कुंडलिका नदी यांच्या परिसरांत आमच्या वडिलांचें बाळपण गेलें. त्या आठवणी ते सांगत व आमची कन्या संगणकावर उतरून घेई. वडिलांचें वय नव्वदीकडे झुकलेलें; एकदां तुटलेला धागा त्यांस पुन्हां सांपडत नसे. एके सायंकाळीं कुंडलिकेच्या पुराची गोष्ट ऐन रंगांत आली असतां अक्षरें पडद्यावर विलंबानें उमटूं लागलीं. कांहीं गळत, कांहीं दोनदां येत. वडील थांबले, आणि पुढचें विसरले. "लक्ष कोठें आहे तुझें?" असें म्हणून आम्ही मुलीवर रागावलों. "बाबा, बोटें पुढें जातात, अक्षरें मागें राहतात," एवढेंच ती म्हणाली.

रात्रीं आम्ही स्वतः बसलों, तों आमचींही अक्षरें मागें! बिनतारी कळफलकाचे सेल बदलले, गुण नाहीं. जलद आघात गाळणारी ‘फिल्टर कीज’ ही सोय चुकून सुरू झाली कीं काय, तें पाहिलें. ती बंदच होती. शेवटीं यंत्राच्या पाठीमागें वांकून पाहिलें. कळफलकाचा इवलासा रिसीव्हर तेथें होता, आणि त्यास अगदीं खेटून यूएसबी ३.० ची हार्डडिस्क. कळफलक २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर संदेश धाडतो, यूएसबी ३.० च्या जलद वहनानें त्याच पट्ट्यांत गोंगाट माजतो, हें इंटेल कंपनीनें २०१२ मध्येंच दाखवून दिलें आहे. गोंगाटांत संदेश हरवतात, पुनः धाडावे लागतात. विलंब होतो तो असा. आणि ती डिस्क तेथें कोणीं जोडली होती? आम्हींच, त्याच दिवशीं सकाळीं.

हातभर जोडतारेनें रिसीव्हर मेजावर कळफलकाजवळ आणतांच अक्षरें बोटांबरोबर धावूं लागलीं.

सकाळीं आम्हीं मुलीची क्षमा मागितली. ती हंसली, आजोबांजवळ जाऊन बसली व म्हणाली, "आजोबा, पुराचें राहिलें होतें ना? पाणी पायरीपर्यंत आलें होतें, तेथपासून सांगा."

आजोबांनीं क्षणभर डोळे मिटले, आणि सांगूं लागले.